पेरूला नेमके कोणत्या ऋतूत जावे? (किनारा, अँडीज आणि जंगल एकाच प्रवासात)

पाऊलवाट

नमस्कार. पुढील वर्षी पेरू देशात अठरा दिवसांचा प्रवास करायचे आमच्या घरात ठरले आहे. म्हणजे जायचे हे ठरले आहे, कधी जायचे यावर मात्र महिनाभर एकमत होत नाही. आम्ही चौघे आहोत: मी, यजमान, चौदा वर्षांचा मुलगा आणि सदुसष्ट वर्षांची माझी आई. आईची प्रकृती चांगली आहे, ती रोज तासभर चालते, पण थंडी तिला सोसत नाही.

पाहायच्या ठिकाणांची यादी नेहमीचीच आहे. कुस्को आणि माचू पिच्चू, तितिकाका सरोवर, कोल्काच्या दरीतले काँडोर (प्रचंड गिधाडे), नास्काच्या वाळवंटातल्या, विमानातून पाहायच्या रेषा, पाराकासचा किनारा आणि तीन-चार दिवस अमेझॉनच्या जंगलात. सुट्ट्यांचा मेळ घालता तीन वेळा शक्य दिसतात: मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा दुसरा आठवडा, दिवाळीच्या आगेमागे म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य, किंवा नाताळची सुट्टी पुढे वाढवून डिसेंबर-जानेवारी. यजमानांचे म्हणणे असे की हा देश दक्षिण गोलार्धात आहे, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत तिथे उन्हाळा असणार आणि आईला थंडीही बाधणार नाही. ऐकायला हे बिनतोड वाटते. परंतु वाचायला घेतले तर एक लेख मे ते सप्टेंबर सोडून जाऊच नका असे बजावतो, दुसरा राजधानी लिमासाठी नेमके तेच महिने वर्ज्य ठरवतो, आणि जंगलातल्या निवासांची माहितीपत्रके बाराही महिने उत्तमच असल्याचे सांगतात. ज्यांनी हा देश पाहिला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. तारखांइतकीच त्यामागची कारणेही हवी आहेत, म्हणजे घरातला वाद मिटेल.

भूगोलवेडा

ताई, तुम्ही वाचलेल्या लेखांपैकी खोटे बहुधा कोणीच लिहिलेले नाही. हवामानाच्या हिशेबाने पेरूचे तीन देश होतात. समुद्राकाठची चिंचोळी वाळवंटी पट्टी, तिला लागून एकदम उभा राहणारा अँडीज, आणि त्याच्या पूर्वेला उतरत जाणारे अमेझॉनचे जंगल, ज्याने देशाचा सुमारे ६० टक्के भाग व्यापला आहे. स्थानिक लोक यांना कोस्ता, सिएरा आणि सेल्वा म्हणतात. प्रत्येकाचे पंचांग वेगळे आहे आणि पहिल्या दोघांचे तर एकमेकांच्या अगदी उलट आहे.

आधी यजमानांच्या तर्काविषयी, कारण ही चूक फार जण करतात. कुस्को विषुववृत्तापासून जेमतेम साडेतेरा अंश दक्षिणेला आहे. इतक्या जवळ असताना उन्हाळा आणि हिवाळा यांत दिवसाच्या तापमानाचा फरक फारसा पडत नाही. तिथे दुपारी वर्षभर १८ ते २१ अंशांच्या आसपासच असते. थंडी ठरते ती उंचीवरून. ऋतूनुसार बदलतात त्या दोनच गोष्टी, पाऊस आणि रात्रीचे तापमान. जानेवारीत कुस्कोमध्ये सुमारे दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि रात्री ६-७ अंश असतात, तर जून-जुलैच्या संपूर्ण महिन्यात दहा मिलिमीटरही पडत नाही, पण निरभ्र आकाशामुळे रात्री पारा शून्यापर्यंत उतरतो. गंमत अशी की सिएरातले लोक डिसेंबर ते मार्च या काळाला बोलीभाषेत हिवाळाच म्हणतात आणि कोरड्या, उन्हाच्या महिन्यांना उन्हाळा. दिनदर्शिका काहीही म्हणो. तेव्हा यजमानांना सांगा की गोलार्धाचे गणित बरोबर आहे, पण ते डोंगरावर चढत नाही.

किनाऱ्याचे कारण समुद्रात आहे. दक्षिणेकडून वर येणारा थंड हम्बोल्ट प्रवाह किनाऱ्यालगतची हवा खालून गार करतो, वरची हवा त्या मानाने उबदार राहते, आणि मधल्या थरात अडकलेले ढग ना वर उठू शकत ना धड बरसू शकत. त्यामुळे लिमाच्या आसपास वर्षाकाठी नावापुरताच पाऊस पडतो, पण साधारण जून ते ऑक्टोबर सूर्यदर्शनही दुर्मीळ होते. आकाश राखाडी, हवा दमट, अंगावर जाणवेल न जाणवेल अशी भुरभुर. तिला तिथे गारुआ म्हणतात. या आकाशाला लिमाकरांनी दिलेले नाव 'गाढवाचे पोट' असे आहे आणि ते पाहिल्यावर दुसरे नाव सुचत नाही. हा थर उंचीला मोठा नसतो, म्हणून लिमाची माणसे त्या महिन्यांत सुट्टीच्या दिवशी ऊन खायला तास-दीड तास आत, चोसिकासारख्या डोंगरपायथ्याच्या गावांना जातात. डिसेंबर ते मार्च मात्र लिमात स्वच्छ ऊन आणि पोहण्याजोगा समुद्र असतो, म्हणजे नेमका त्या वेळी, जेव्हा डोंगरात पाऊस असतो.

आता निवड कशी करावी? सगळ्या ठिकाणी उत्तम हवा देणारा महिना शोधत बसू नये, तो या देशात नाही. त्याऐवजी यादीतल्या प्रत्येक ठिकाणाविषयी असे विचारावे की वाईट हवेत ते किती बिघडते. लिमा ढगाळ असली तरी संग्रहालये, जुने शहर आणि जेवण यांत काही उणे येत नाही. नास्का किनाऱ्यापासून आत, वाळवंटात आहे. तिथे बहुतेक वेळा ऊन असते, फार तर सकाळच्या धुक्यामुळे विमानाचे उड्डाण तासभर लांबते. पाराकासला दुपारनंतर वाळू उडवणारा वारा सुटतो, म्हणून बाय्येस्तास बेटांच्या होड्या वर्षभर सकाळीच जातात. परंतु एवढा पैसा खर्चून माचू पिच्चूला पोहोचावे आणि समोर फक्त पांढरा ढग असावा, किंवा कोल्काच्या कड्यावर तीन तास थांबून दरीच दिसू नये, ही हानी भरून येणारी नाही. तुमच्या यादीत अँडीजचे वजन सर्वांत जास्त आहे, तेव्हा त्याच्याच पंचांगाने तारीख धरावी आणि बाकीच्यांनी जुळवून घ्यावे.

म्हणून डिसेंबर-जानेवारी मी बाद करीन. उरलेल्या दोनांत, आईंच्या थंडीचा विचार करता, माझा कल ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्याकडे आहे. पावसाला तेव्हा सुरुवात झालेली असते, पण तो आपल्याकडच्या वळिवासारखा असतो: सकाळ मोकळी, दुपारी आभाळ भरून येते, तासभर कोसळते आणि संध्याकाळी उघडीप. सह्याद्रीतल्या आठ-आठ दिवसांच्या झडीची कल्पना मनात असेल तर ती काढून टाका. रात्रीही जूनपेक्षा चांगल्याच उबदार असतात.

दुर्बीण

वरील विवेचनाशी सहमत आहे. फक्त जंगलाला त्यांनी बाजूलाच ठेवले, आणि माझा जीव तिथेच असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

'अमेझॉन कधी पाहावे' या प्रश्नाआधी 'कोणते अमेझॉन' हा प्रश्न येतो. पेरूमध्ये पर्यटक मुख्यतः दोन ठिकाणी जातात. उत्तरेला इकितोस, जिथे अजूनही रस्त्याने पोहोचता येत नाही, विमान नाहीतर बोट. आणि दक्षिणेला पुएर्तो माल्दोनादो, जिथून ताम्बोपाताच्या जंगलात शिरता येते. इकितोसकडे पाऊस वर्षभर असतो आणि तिथला ऋतू मोजायचा तो नदीच्या पातळीवरून. साधारण डिसेंबर ते मे पाणी चढते, कित्येक मीटर चढते, आणि जंगल अक्षरशः बुडते. तेव्हा होडी थेट झाडांच्या शेंड्यांमधून वल्हवत नेता येते. नंतर पाणी ओसरले की पायवाटा मोकळ्या होतात, वाळूचे काठ उघडे पडतात आणि डबक्यांत मासे कोंडले जातात, त्यामुळे मासेखाऊ पक्षी दिसतात. दोन्ही अनुभव चांगले आहेत, फक्त वेगळे आहेत, आणि निवासांची पत्रके 'बाराही महिने उत्तम' म्हणतात त्यात एवढे तथ्य आहे.

दक्षिणेची गोष्ट निराळी. पुएर्तो माल्दोनादोला कोरडा काळ ठळक असतो, साधारण मे ते सप्टेंबर, आणि तो अँडीजच्या कोरड्या काळाशी जुळतो. कुस्कोहून विमानाने तासाभराच्या आत पोहोचता येते. तुमच्या मार्गाला हेच सोयीचे आहे; इकितोसला जायचे तर बहुधा लिमाला परत येऊन दुसरे विमान धरावे लागते आणि अठरा दिवसांत ते परवडणार नाही.

दोन सूचना मात्र पत्रकांत सापडत नाहीत. पहिली फ्रियाखेविषयी. मे ते ऑगस्टच्या दरम्यान अधूनमधून दक्षिणेकडून थंड हवेची लाट थेट जंगलात घुसते. काल ३२ अंशांत घामाघूम झालेला माणूस आज १२ अंशांच्या वाऱ्यात कुडकुडत असतो, आणि जाळीच्या भिंतींच्या उघड्या खोल्यांत ती थंडी कुस्कोपेक्षाही जास्त लागते. माझ्या चार दिवसांतले दोन दिवस असे गेले. माकडे, पक्षी, सगळे गप्प. लाट तीन-चार दिवसांत जाते, पण ती कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून डोंगरातले उबदार कपडे कुस्कोला ठेवून जंगलात जाऊ नका.

दुसरी सूचना पोपटांविषयी. नदीकाठच्या मातीच्या कड्यांवर शेकडो मकाव आणि पोपट माती खायला जमतात, ते ताम्बोपाताचे खरे वैभव. पण मे ते जुलै तिथली हजेरी घटते आणि ऑगस्टनंतर पुन्हा वाढते. मी जूनच्या आरंभी गेलो तेव्हा पहाटे चार वाजता उठून अठरा पक्षी पाहिले. त्याच कड्याची ऑक्टोबरमधली मित्राची छायाचित्रे मी अजूनही नीट पाहू शकत नाही. केवळ या कारणावरून मी दिवाळीच्या बाजूने मत देईन, पण मला पक्षी दिसतात तिथे इतरांना दिसतेच असे नाही, हे घरचे लोक सांगत असतातच.

आणखी एक, ऋतूशी संबंध नसलेली पण विसरली तर फार महागात पडणारी बाब: पिवळ्या तापाची लस. पेरू हा पिवळ्या तापाचा देश म्हणून भारताच्या यादीत आहे. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात ठेवले जाते, मग तुम्ही जंगलात गेला असा वा नसा. लस मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होते. साठीच्या पुढच्या व्यक्तींना या लसीचा गंभीर त्रास होण्याची शक्यता अधिक असते, म्हणून आईंच्या बाबतीत तिकिटे काढण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

सांजसावली

सगळेच जण पावसाळा बाद करीत आहेत, म्हणून त्याच्या वतीने मी थोडे लिहिते. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, म्हणजे पुस्तकांप्रमाणे सर्वांत वाईट महिन्यात.

हिरवा रंग काय असतो ते मी कुस्कोजवळच्या, उरुबाम्बा नदीच्या पवित्र खोऱ्यात पाहिले. बटाट्याच्या शेतांना जांभळी-पांढरी फुले आलेली, डोंगरउतारांवर मक्याचे पट्टे, आणि गावांतून पर्यटक जवळजवळ नाहीतच. तितिकाकाकाठच्या पुनो शहराला आम्ही मुद्दाम २ फेब्रुवारी धरून गेलो होतो, कारण तेव्हा कांदेलारियाच्या मातेचा उत्सव असतो. मुखवटे घातलेल्या नर्तकांचे आणि पितळी वाद्यांचे ताफे दिवसचे दिवस रस्त्यांवरून जात असतात. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. आम्ही दोनदा नखशिखान्त भिजलो, आणि नाचणारे आमच्यापेक्षा जास्त भिजले होते, पण एकही ताफा थांबला नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवणे बरोबर होणार नाही. चालत माचू पिच्चूला नेणारी चार दिवसांची इंका वाट दरवर्षी संपूर्ण फेब्रुवारी देखभालीसाठी बंद असते. ज्या प्रवास कंपनीने आमचा कार्यक्रम आखला तिने हे आगाऊ रक्कम घेतल्यानंतर दोन महिन्यांनी सांगितले. माचू पिच्चू स्वतः उघडे असते. आमची प्रवेशाची वेळ सकाळी सहाची होती. साडेआठपर्यंत आम्ही ढगात उभे होतो, समोरच्या भिंतीपलीकडे काहीही नाही. हल्ली फिरण्याचे मार्ग ठरलेले असतात आणि पुढे गेल्यावर मागे येऊ देत नाहीत, त्यामुळे ढग सरले तेव्हा आम्ही बाहेरच्या दाराशी पोहोचलो होतो. पावसाळ्यात जाणाऱ्याने नऊ-दहाची वेळ घ्यावी, पहाटेची नव्हे, हे मी अनुभवाने सांगते. परतताना दरड कोसळल्याने रेल्वे बंद झाली आणि पायथ्याच्या गावात एक दिवस जास्त राहावे लागले. एकच दिवस गेला हे नशीब. जानेवारी २०१० मध्ये उरुबाम्बा नदीला आलेल्या पुराने रुळांचे इतके नुकसान झाले होते की हजारो पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले आणि माचू पिच्चू १ एप्रिलपर्यंत बंद राहिले.

तरीही पुन्हा जायची संधी मिळाली तर मी फेब्रुवारीतच जाईन. पण आई बरोबर असती, आणि एकही दिवस वाया जाऊ देण्याची सोय नसती, तर कदाचित नसते गेले.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांनी 'डोंगरावर चढत नाही' हे वाक्य वाचून माघार घेतली आहे, तेव्हा डिसेंबर-जानेवारी संपले. आता प्रश्न मे-जून की ऑक्टोबर-नोव्हेंबर एवढाच उरतो. रात्री शून्य अंश हे वाचून आई दिवाळीच्या बाजूला गेली आहे आणि दुर्बीण यांचे पोपट वाचून मुलगाही. मला मात्र आकाशाची खात्री हवीशी वाटते. कोणी जून आणि नोव्हेंबर या दोन्ही वेळी डोंगरात राहिले आहे का?

गिर्यारोही

मी राहिलो आहे. कुस्कोच्या परिसरात एकदा मेअखेर आणि एकदा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, शिवाय एक जुलै वारास गावाच्या बाजूला कोर्दियेरा ब्लांका या हिमशिखरांच्या रांगेत. भूगोलवेडा यांच्या कारणमीमांसेला माझा आक्षेप नाही, निष्कर्षाला आहे.

नोव्हेंबरमधला पाऊस वळिवासारखा असतो हे खरे, पण वळीव रोज ठरल्या वेळी येतोच असे नाही. माझ्या बारा दिवसांपैकी तीन दिवस ढग सकाळपासूनच खाली उतरले होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डोंगरांचा रंग. पाच-सहा महिने पाऊस नसल्याने ऑक्टोबरअखेर सगळे उतार करपलेले असतात. पेरणीआधी शेते आणि गवत जाळण्याची तिथे जुनी चाल आहे, आणि ऑगस्टपासून पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत दऱ्यांत धुराचा पडदा राहतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तर आगी इतक्या पसरल्या की सरकारला जंगलपट्टीच्या काही प्रांतांत आणीबाणी जाहीर करावी लागली. पाऊस उशिरा आला तर तुमच्या वाट्याला ना हिरवळ येईल ना स्वच्छ आकाश.

याउलट मेअखेर पाऊस संपून महिनाच झालेला असतो. गवताची हिरवी कड अजून टिकलेली, हवा धुतल्यासारखी, बर्फाची शिखरे सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडी, आणि शेतांत काढणी चाललेली. जून-जुलैची गर्दी सुरू व्हायची असते. ती २४ जूनच्या इंती रायमी या सूर्योत्सवाच्या आसपास वाढते आणि २८-२९ जुलैच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्ट्यांत शिगेला पोहोचते, कारण तेव्हा परदेशी पाहुण्यांबरोबर पेरूचे लोकही प्रवासाला निघतात. तुम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परतणार असाल तर त्यातून सुटता. सणच पाहायचा असेल तर ख्रिस्तदेहाचा उत्सव बहुतेक वर्षी मेअखेर किंवा जूनमध्ये येतो. त्या दिवशी कुस्कोच्या चौकात निरनिराळ्या चर्चमधल्या संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते आणि तिला तिकीट नसते.

आता थंडी. कुस्कोची मेअखेरची रात्र थंड असते, यात वाद नाही, आणि साध्या निवासांत खोली गरम करण्याची सोय नसते, म्हणून आरक्षण करतानाच हीटर आहे का ते लेखी विचारून घ्यावे. परंतु दिवसा ऊन इतके कडक असते की सदऱ्यावर फिरता येते; सावलीत गेलात की लगेच स्वेटर आठवतो. सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर तासाभरात थंडी हाडांत शिरते. म्हणजे आईंनी साडेपाचला निवासावर परतायचे, एवढेच पथ्य. सगळे अंग झाकणारे लोकरी कपडे थंडीवर चालतात. ढगांवर काही चालत नाही. याच रात्रींच्या दहिवरात डोंगरातले लोक बटाटे उघड्यावर पसरून गोठवतात, दिवसा तुडवून त्यांचे पाणी काढतात आणि वाळवून चुन्यो करतात, जो वर्षानुवर्षे टिकतो. आईंना तो सूपमध्ये जरूर खायला घाला, थंडीविषयीचा राग थोडा कमी होईल.

मला काळजी थंडीपेक्षा उंचीची वाटते, आणि ती कोणत्याही महिन्यात तेवढीच असते. कुस्को ३४०० मीटरवर आहे, तितिकाका ३८०० वर, आणि अरेकिपा शहराहून कोल्काला जाताना रस्ता ४९०० मीटरची खिंड ओलांडतो. लिमाहून विमानाने थेट कुस्कोला उतरून तिथेच मुक्काम करणे हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत चुकीचा क्रम आहे. आधी किनारा, मग २३०० मीटरवरचे अरेकिपा दोन-तीन दिवस, त्यानंतर विमानाने कुस्को गाठून त्याच दिवशी खाली पवित्र खोऱ्यात, उरुबाम्बा किंवा ओयांतायताम्बोला उतरायचे. ही गावे २८०० मीटरच्या आसपास आहेत, म्हणजे श्वासही सोपा आणि रात्रीही कुस्कोपेक्षा उबदार. माचू पिच्चू तर २४३० मीटरवरच आहे. कुस्को शेवटी ठेवावे. आणि अठरा दिवसांत कोल्का, तितिकाका व जंगल ही तिन्ही बसवू नका, एक सोडा. मी तितिकाका सोडीन, कारण जूनमधल्या तिथल्या रात्री शून्याखाली जातात.

भूगोलवेडा

धुराचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो निर्णायक आहे. मी माझा कल मागे घेतो.

एक गोष्ट जोडतो, कारण वर सांगितलेली सगळी पंचांगे ती एका झटक्यात मोडू शकते. काही वर्षांनी किनाऱ्यालगतचे पाणी थंड राहण्याऐवजी तापते. उत्तरेकडच्या पाइता बंदरातल्या कोळ्यांनी नाताळच्या सुमारास जाणवणाऱ्या या उबदार पाण्याला बाळ येशूचे नाव दिले, एल निन्यो, आणि तेच पुढे जगभर रूढ झाले. २०१७ च्या पहिल्या काही महिन्यांत असेच झाले आणि एरवी कोरड्या असलेल्या किनाऱ्यावर महापूर आले. पिउरा शहर पाण्यात गेले. याचा जोर बहुधा जानेवारी ते एप्रिल असतो, त्यामुळे मेअखेरच्या प्रवासाला थेट धोका कमी, पण रस्ते आणि पूल दुरुस्त व्हायला वेळ लागतो. मार्चपासून सेनामी या तिथल्या हवामान संस्थेची निवेदने पाहत राहावे.

पाऊलवाट

निर्णय झाला. मेच्या शेवटच्या आठवड्यात निघून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत. लिमाला उतरून लगेच पाराकास आणि नास्का, तिथून अरेकिपा. कोल्काला मी आणि मुलगा जाऊ, आई आणि यजमान दोन दिवस अरेकिपातच राहतील. मग उरुबाम्बा, माचू पिच्चू, कुस्को, आणि शेवटी ताम्बोपाताला चार दिवस, लोकरीच्या कपड्यांसह. तितिकाका सोडले. माती खाणारे पोपट थोडे दिसले तरी चालतील, असे मुलाने फार जड मनाने कबूल केले आहे. लसीसाठी पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली असून, आईला लस देऊ नये असे ते म्हणाले तर सगळाच बेत पुन्हा मांडावा लागेल, म्हणून तिकिटे तोवर थांबवली आहेत.

एकच शंका उरली. परतीच्या विमानाआधी लिमाला दीड दिवस मिळतो. गारुआच्या धुक्यावर वाळवंटातल्या टेकड्या हिरव्या होतात आणि लिमाच्या उत्तरेला लाचाय येथे त्या पाहता येतात, असे वाचले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यासाठी जाणे योग्य ठरेल का?

भूगोलवेडा

नाही. जूनमध्ये धुके नुकतेच धरू लागलेले असते. टेकड्यांवर खरी हिरवळ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर पडते आणि दिसेल ती बहुतांशी वाळूच. तो दीड दिवस लिमातल्या लार्को संग्रहालयाला द्या; प्राचीन मोचे लोकांची मातीची भांडी पाहायला आकाश कसे आहे याने काही फरक पडत नाही.